दाराशा वाडिया : हिमालयाच्या पाषाणात समुद्र वाचणारे भूवैज्ञानिक

डिसेंबर १९६४ मध्ये जगभरातील भूवैज्ञानिक नवी दिल्लीत एकत्र आले. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे हे बाविसावे अधिवेशन होते आणि आशिया खंडात ते प्रथमच भरत होते. अध्यक्षस्थानी होते एक्क्याऐंशी वर्षांचे दाराशा नोशेरवान वाडिया. युरोपातील कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकून आणि जम्मूच्या महाविद्यालयात चौदा वर्षे शिकवून ते या विषयात उभे राहिले होते. हिमालयाच्या वायव्य टोकाची घडण त्यांनी जगाला उलगडून दाखवली, हे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. काश्मीरच्या खडकांत निजलेल्या एका प्राचीन समुद्राचा आणि त्यातील प्राण्यांचा क्रमवार इतिहास लावण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

दाराशांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे झाला. वाडिया हे घराणे मूळचे जहाजे बांधणारे. मुंबईच्या गोदीत या नावाचा दबदबा पिढ्यान्‌पिढ्या होता. दाराशांच्या वाट्याला मात्र जहाज आले नाही. बालपणीच कुटुंब बडोद्यास आले, आणि त्यांचे पुढील शिक्षण सयाजीराव गायकवाडांच्या त्या राजधानीत झाले. विद्येला राजाश्रय देणारे ते मराठी संस्थान होते. शाळा, ग्रंथालये, संग्रहालये यांनी नगरीचे रूप पालटत होते. बडोदा महाविद्यालयात दाराशांनी आधी प्राणिविज्ञान व वनस्पतिविज्ञान आणि नंतर भूविज्ञान अभ्यासले. हा क्रम पुढे महत्त्वाचा ठरला. केवळ खनिजांकडे पाहणारा भूवैज्ञानिक दगडातील शिंपल्याकडे खूण म्हणून पाहतो. प्राणिविज्ञान शिकलेल्याला तो शिंपला एके काळी जिवंत होता, खात होता, श्वास घेत होता, हे विसरता येत नाही.

१९०७ साली ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्या काळी भूविज्ञान शिकवणारी महाविद्यालये देशात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. क्रमिक पुस्तकांतील उदाहरणे असत इंग्लंडच्या खडूच्या कड्यांची आणि वेल्सच्या पाटीच्या दगडाची. जम्मूचा विद्यार्थी खिडकीतून शिवालिकच्या टेकड्या पाहत असे आणि परीक्षेत न पाहिलेल्या देशाचे खडक लिहीत असे. वाडियांनी सुट्ट्यांमागून सुट्ट्या डोंगरांत घालवल्या. शिवालिकच्या थरांत त्यांना स्टेगोडॉन या हत्तीच्या नामशेष आप्ताचे अवशेष सापडले. याच वर्षांतील अध्यापनातून त्यांचा भारतीय भूविज्ञानावरील ग्रंथ तयार झाला आणि १९१९ साली तो प्रसिद्ध झाला. पुढील अर्धशतक या देशात भूविज्ञान शिकलेल्या बहुतेक प्रत्येकाने तो ग्रंथ वाचला. इथले खडक, इथले जीवाश्म आणि इथल्या गावांची नावे घेऊन तो लिहिला गेला, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण असावे.

१९२१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. युरोपीय पदवी नसताना त्या अधिकारपदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. उत्तम चाललेली प्राध्यापकी सोडून त्या वयात तंबू, खेचरे आणि हातोडा यांचा संसार मांडणे सोपे नव्हते. पण त्यांच्या मनातील डोंगर आता समोर उभे होते. पूंछ, पीर पंजाल, मुझफ्फराबाद, बारामुल्ला या दुर्गम भागांचे नकाशे त्यांनी पायी फिरून तयार केले. पूंछ संस्थानावरील त्यांचा प्रबंध १९२८ साली निघाला. १९३१ साली नंगा पर्वताभोवती हिमालयाच्या रांगा एकाएकी वळतात याचे स्पष्टीकरण त्यांनी मांडले : भारताच्या प्राचीन, टणक भूमीचे एक टोक तिथे उत्तरेकडे घुसले आहे आणि समुद्रतळाचे मऊ थर त्याच्याभोवती वळ्या पडून उभे राहिले आहेत. या एका निबंधाने त्यांचे नाव जगभर झाले.

त्या वळ्या पडलेल्या थरांत काय होते? टेथिस नावाचा समुद्र होता. आज जिथे हिमालय आहे, तिथे कोट्यवधी वर्षे हा समुद्र पसरलेला होता. त्याच्या तळाशी गाळ साचत गेला आणि गाळात त्या त्या काळचे प्राणी गाडले गेले. काश्मीरमधील या थरांचा कँब्रियन काळापासून ट्रायसिक काळापर्यंतचा क्रम वाडियांनी १९३४ साली प्रसिद्ध केला. सर्वांत खालच्या थरांत, हंदवाड्याच्या परिसरात, त्यांना ट्रायलोबाइटांचे जीवाश्म मिळाले. ट्रायलोबाइट म्हणजे तीन खंडांच्या कवचाचा, अनेक पायांचा, समुद्रतळावर रांगणारा प्राणी. पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रांवर त्याचेच राज्य होते. सर्वांत वरच्या थरांत हा प्राणी औषधालाही सापडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये समुद्री जीवनाची पंचवीस कोटी वर्षे दगड होऊन पडली आहेत.

दिल्लीकर काश्मीरला जातात ते दल सरोवर आणि पहलगाम पाहण्यासाठी. श्रीनगरच्या आग्नेयेस काही किलोमीटरांवर खुनमोह गावाजवळ गुरयूल नावाची एक उघडीबोडकी घळ आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ती खोऱ्यातील सर्वांत मोलाच्या जागांपैकी एक आहे. चार्ल्स मिडलमिस या सर्वेक्षणातील अधिकाऱ्याने १९०९-१० च्या सुमारास तिथले थर मोजून त्यांची नोंद केली होती. निवृत्तीनंतर हेच मिडलमिस काश्मीर संस्थानच्या खनिज सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, आणि त्या वेळी वाडिया जम्मूत शिकवीत होते. मिडलमिसांच्या कामाचा पाया घेऊन वाडियांनी तो क्रम वायव्य काश्मीरपर्यंत नेला आणि आपल्या ग्रंथातून भारतभरच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला.

त्या क्रमाची कथा खालून वर वाचायची असते. तळाशी लाव्हाचे जाड थर आहेत. पीर पंजालवरून त्यांना पंजाल ट्रॅप म्हणतात. सह्याद्रीचा काळा कातळ पाहिलेल्याला हे खडक ओळखीचे वाटतील, कारण तेही अशाच लाव्हाचे आहेत. मात्र पंजालचे थर त्याहून वीस कोटींपेक्षा अधिक वर्षांनी जुने आहेत. लाव्हा थंडावल्यावर त्या भूमीवर गँगॅमॉप्टेरिस नावाच्या झाडांची पाने गळून पडली. ती दक्षिणेकडील गोंडवन भूमीची वनस्पती. त्यानंतर समुद्र आत आला. त्याने घातलेल्या गाळाचे जे थर झाले त्यांना झेवन गावावरून झेवन थर असे नाव मिळाले. हाच पर्मियन काळाचा उत्तरार्ध.

झेवन थरांतील समुद्र उथळ होता आणि गजबजलेला होता. एका पातळीवर ब्रायोझोआंच्या इतक्या वसाहती आहेत की त्या थराला त्यांचेच नाव पडले. हे सूक्ष्म प्राणी एकत्र राहून चुन्याची जाळीदार घरे बांधीत. दगड फोडला की विणलेल्या लेसचा तुकडा हाती आल्यासारखे वाटते. त्यांच्याभोवती ब्रॅकिओपॉडांची दाटी होती. बाहेरून पाहिले तर हा प्राणी शिंपल्यासारखाच दिसतो. दोन झडपा, आत मऊ शरीर. पण त्याची अंतर्रचना निराळी असून शिंपल्यांशी त्याचे नाते दूरचे आहे. प्रॉडक्टस वर्गातील ब्रॅकिओपॉडांच्या कवचावर काटे असत आणि त्या काट्यांच्या आधाराने ते मऊ चिखलात न रुतता बसून राहत. स्पिरिफरांची कवचे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी रुंद असत. पलीकडे सिंधूच्या पूर्वेस असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत याच काळाचे चुनखडक आहेत. प्रॉडक्टसांच्या विपुलतेमुळे त्यांना प्रॉडक्टस चुनखडक हे नाव पडले, आणि विल्यम वागेन यांनी त्यांतील जीवाश्मांचे वर्णन करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. देठावर डोलणारी समुद्रकमळे, प्रवाळ, वळणदार कवचाचे अ‍ॅमोनाइट यांचाही त्या काळच्या समुद्रांत सुकाळ होता. हा समुद्र मध्य भारतातही शिरला होता. मध्यप्रदेशात उमरिया येथे १९२१ साली कोळशाच्या प्रदेशात समुद्री शिंपल्यांचा एक पट्टा सापडला, तेव्हा भूवैज्ञानिकांना मोठेच आश्चर्य वाटले.

त्या पिढीपुढे प्रश्न होता तो यानंतरचा. झेवन थरांच्या वर गडद रंगाचे शेल आणि पातळ चुनखडकाचे पट्टे येतात, आणि थोड्याच अंतरात प्राण्यांची यादी कोसळते. ब्रायोझोआंची जाळी नाही, काटेरी प्रॉडक्टस नाहीत, समुद्रकमळे नाहीत. उरतात त्या क्लाराया नावाच्या पातळ कवचाच्या शिंपल्या, एकाच प्रकारच्या, थरामागून थर. आणि ओटोसेरास, ओफिसेरास हे मोजके अ‍ॅमोनाइट. पर्मियन संपून ट्रायसिक सुरू झाल्याची ही खूण. पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत भयंकर महाविनाशाचीही हीच खूण आहे. आजच्या गणनेनुसार तो सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी घडला आणि समुद्री प्राण्यांच्या दहांतील आठ ते नऊ जाती त्यात नाहीशा झाल्या. ट्रायलोबाइटांचे अखेरचे वंशजही त्यातच गेले.

वाडियांच्या तरुणपणी या घटनेकडे आज पाहतात तसे पाहिले जात नव्हते. जगात बहुतेक ठिकाणी पर्मियन आणि ट्रायसिक थरांच्या मध्ये खंड आहे. मधली पाने फाटलेली आहेत. त्यामुळे दोन तर्क संभवत होते. हे प्राणी दीर्घ काळ हळूहळू क्षीण होत गेले आणि तो काळ नोंदला गेला नाही, असा एक. दुसरा असा की ते भरभराटीत असतानाच कोसळले. पान फाटलेले असेल तर यांपैकी खरे कोणते, हे सांगता येत नाही. म्हणूनच काश्मीरला महत्त्व आले. तिथे समुद्र हटला नाही आणि गाळ साचण्याचे थांबले नाही, त्यामुळे अखेरच्या काळाची पाने बऱ्याच अंशी शाबूत राहिली. अशा अखंड क्रमाचे मोल वाडियांनी जाणले होते. कोणता थर कशावर आहे, कुठे घडी पडून तो उलटला आहे आणि कुठे तुटला आहे, हे निश्चित झाल्याशिवाय त्यातील प्राण्यांबद्दल बोलण्याला अर्थ नसतो. वळ्या आणि भेगांनी भरलेल्या त्या पर्वतात हे निश्चित करणे हेच खरे काम होते. त्या कामाची चमक संग्रहालयाच्या काचेआड दिसत नाही, म्हणून त्याचे श्रेय सहसा कोणी देत नाही.

पुढील संशोधनाने जे चित्र उभे केले, ते दोन्ही तर्कांना थोडे थोडे न्याय देणारे आहे. महाविनाशाच्या सुमारे ऐंशी लाख वर्षे आधी, साधारण २६ कोटी वर्षांपूर्वी, समुद्री प्राण्यांवर एक लहान संकट येऊन गेले होते. उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्ती आणि काही जातींचे ब्रॅकिओपॉड त्यात दगावले. त्यानंतर समुद्र सावरला. तळावरील वस्ती पुन्हा दाट झाली आणि अखेरच्या क्षणापर्यंत, भूवैज्ञानिक अर्थाने क्षणापर्यंत, ती दाटच राहिली. चीनमधील थरांच्या अलीकडील अभ्यासात असेही दिसते की पहिल्या तडाख्यात पुष्कळ जाती गेल्या तरी जीवनाची घडी बरीचशी टिकून होती; कोण कोणाला खातो, तळावर कोण आणि पाण्यात कोण, ही व्यवस्था चालू होती. दुसऱ्या तडाख्यात ती व्यवस्थाच मोडली. जीवाश्मांची नुसती विपुलता पाहून त्या समुद्राचे आरोग्य ठरवले असते, तर शेवटपर्यंत कसलीही शंका आली नसती.

कारण सैबेरियात होते. तिथे प्रचंड प्रमाणात लाव्हा बाहेर पडला, आणि त्याच्याबरोबर निघालेल्या वायूंनी वातावरण तापवले. समुद्राचे पाणी उष्ण झाले, त्यातील प्राणवायू घटला, आम्लता वाढली. जाड चुन्याचे कवच बांधणाऱ्या, जागेवरच बसून राहणाऱ्या आणि संथ श्वसन असणाऱ्या प्राण्यांवर याचा घाला सर्वाधिक पडला. ब्रॅकिओपॉड, समुद्रकमळे, प्रवाळ आणि ब्रायोझोआ हे सारे याच प्रकारातले. शिंपल्यांनी आणि गोगलगायींनी तुलनेने निभावून नेले. आज कोकणच्या बाजारात तिसऱ्यांचे वाटे लागतात आणि ब्रॅकिओपॉड मात्र प्राणिविज्ञानाच्या प्रयोगशाळेतच भेटतात, याची मुळे त्या काळापर्यंत जातात.

सैबेरियाच्या लाव्हाशी हा संबंध वाडियांच्या हयातीत जोडला गेला नव्हता. त्यांची वाट दुसरीकडे वळली होती. १९३८ साली सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर ते सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ झाले. १९४२ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या बडोदे अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. ज्या नगरीत विद्यार्थी म्हणून वावरले तिथेच हा मान मिळाला. पुढील वर्षीच्या अधिवेशनासाठी जवाहरलाल नेहरूंची निवड झालेली होती, परंतु ते तुरुंगात असल्यामुळे त्या वर्षीही वाडियांनाच अध्यक्षस्थान स्वीकारावे लागले. त्याच वर्षी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांना लायेल पदक दिले. सिलोनहून परतल्यावर भारत सरकारचे भूवैज्ञानिक सल्लागार म्हणून ते दिल्लीत आले आणि अखेरपर्यंत दिल्लीकर झाले.

दिल्लीच्या रिजवर समुद्री शिंपला शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. तिथला क्वार्ट्‌झाइट शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. कवचाचे प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते. याच निर्जीव खडकावर वसलेल्या शहरात वाडियांनी आयुष्याची शेवटची चोवीस-पंचवीस वर्षे काढली. १९४९ साली त्यांच्या देखरेखीखाली दुर्मीळ खनिजांच्या शोधाचा विभाग दिल्लीत सुरू झाला. अणुऊर्जेसाठी लागणाऱ्या खनिजांचा शोध त्याने घेतला. १९५७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९६३ मध्ये ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. मानसन्मानांची ही यादी वाढवता येईल, पण त्यांचा जीव नव्या संस्थांत होता. सागरी संशोधनाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतील भारताचा सहभाग याच समितीमार्फत झाला आणि त्यातून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली, जी आज गोव्यात दोना पावला येथे आहे. आयुष्यभर दगड झालेला समुद्र वाचणाऱ्या माणसाने उतारवयात जिवंत समुद्राच्या अभ्यासाची सोय लावली.

हिमालयासाठी स्वतंत्र संस्था असावी हा त्यांचा आग्रह जून १९६८ मध्ये फळाला आला. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिविज्ञान विभागात तिची सुरुवात झाली. एवढ्या थोर पर्वतासाठी उसनी जागा. पण वाडियांनी तीही आनंदाने घेतली असावी, जम्मूत तरी त्यांच्यापाशी काय होते? संस्थेला जेमतेम एक वर्ष होत असताना १५ जून १९६९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९७६ साली ती संस्था देहरादूनला गेली आणि तिला वाडियांचे नाव देण्यात आले.

गुरयूलच्या घळीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. १९७५ साली जपानी आणि भारतीय अभ्यासकांनी तिथल्या प्रत्येक थराची बारकाईने नोंद प्रसिद्ध केली. पर्मियन आणि ट्रायसिक यांच्यामधील सीमेचा जागतिक मानदंड ठरवताना जी मोजकी ठिकाणे विचारात घेतली गेली, त्यांत काश्मीरमधील ही घळ होती. २००१ साली तो मान चीनमधील मेइशानला मिळाला. काश्मीरमधील अशांततेमुळे गुरयूलला जाणे अभ्यासकांना अवघड होऊन बसले होते. दरम्यान दगडाच्या खाणी त्या परिसराला खेटून आल्या. चुनखडकाला सिमेंटसाठी मागणी असते आणि खडीला रस्त्यांसाठी. प्रॉडक्टसाचे कवच असलेला दगड आणि नसलेला दगड यंत्रात सारखाच भरडला जातो. घळीच्या रक्षणासाठी तिथे जीवाश्म उद्यान करण्याची मागणी अभ्यासक आणि स्थानिक लोक गेली कित्येक वर्षे करीत आले आहेत.